बंदुकीची लाथ आणि नागदेवीचं रबर

आमच्या संगमेश्वर तालुक्यात बंदुकीला कुणी शिकारीची वस्तू म्हणत नाही, राखणीची म्हणतात. शिकार हा शब्द साहेबाचा आणि संस्थानिकांचा. शेतकऱ्याच्या घरी बंदूक असते ती भाताला, नाचणीला, वरीला डुक्कर लागतो म्हणून. एका रात्रीत दहा-बारा डुकरांचा कळप उतरला तर सकाळी शेतात दाणा शोधावा लागतो. खातात थोडं, लोळवतात जास्त. आमच्या वरकस जमिनीवर वर्षभराची नाचणी होते, ती गेली की घरातली भाकर गेली, इतका साधा हिशेब आहे.

या राखणीच्या बंदुकीला सरकारी इतिहास आहे. सत्तावन्नच्या बंडानंतर इंग्रजाला हत्यारबंद रयतेची भीती बसली. 1878 साली त्यानं हत्यारांचा कायदा केला आणि परवान्यावाचून बंदूक ठेवणं गुन्हा ठरलं. साहेबाला सूट, आपल्याला बंदी. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतसुद्धा या कायद्याविरुद्ध ठराव होत. स्वातंत्र्यानंतर 1959 चा नवा कायदा आला, तो 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. त्यात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. खऱ्याखुऱ्या पीक राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा, आणि ठासणीच्या बंदुकीनं भागत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल, असं त्यात आहे. रायफल, म्हणजे आतून आटे पाडलेली नळी, ती मात्र या वाटेनं मिळत नाही.

आमच्या आजोबांकडं ठासणीची होती. वरून दारू, मग गुंडी, मग छर्रे, गजानं ठासायचं आणि टोपी चढवायची. वडिलांच्या वेळी ती जाऊन काडतुसाची एकनळी आली, बारा बोअरची, बिहारातल्या मुंगेरची. बारा बोअर म्हणजे काय हे मला फार उशिरा कळलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते ती बारा बोअर. साडेअठरा मिलीमीटर भरते. नंबर जितका लहान तितकी नळी मोठी.

दोन्ही बंदुका मागं मारायच्या, पण मारण्यात फरक. ठासणीतली काळी दारू सावकाश जळते, ती खांद्याला ढकलते. काडतुसातली बिनधुराची दारू झटक्यात जळते, ती लाथ घालते. आजोबा म्हणायचे, "ठासणीची बंदूक म्हशीसारखी, अंगावर रेलते. ही गाढवासारखी." वडिलांच्या एकनळीच्या दस्त्याला मागं लोखंडी पट्टी होती. बार काढला की खांद्यावर त्या पट्टीच्या आकाराचा लाल शिक्का उठायचा, दुसऱ्या दिवशी तो निळा व्हायचा.

यात बंदुकीचा दोष म्हणाल तर एवढाच की ती हलकी होती. बारा बोअरच्या काडतुसातून तीस-बत्तीस ग्रॅम शिसं सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगानं पुढं जातं. पुढं जितका जोर, मागं तितकाच. आठ पौंडाची बंदूक त्यातला बराच जोर आपल्या वजनातच जिरवते. आमची सहा पौंडाचीही नव्हती. एकनळी म्हणजे एक नळी कमी, म्हणजे डोंगर चढताना सुख आणि बार काढताना दुःख. त्यात डुकरासाठी एल.जी.ची काडतुसं, एकात मोठे सहा दाणे. आणि एक गोष्ट लोकांना वाटते तशी नसते. बहुतेक रात्री बार आवाजासाठीच काढायचा असतो, कळप उठवायला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तर पिकावर आलेलं जनावर मारायलाही लेखी परवानगी लागते. पण बार हवेत काढा नाहीतर जनावरावर, खांद्याला लाथ तेवढीच बसते.

1978 च्या मे महिन्यात वडील आंब्याच्या कलमावरून खाली आले. फांदी कडाडली आणि उजव्या खांद्यावर पडले. हंसळीचं हाड मोडलं. गावात वैदूनं बांधलं, पुढं मुंबईला परळच्या केईएममध्ये नेऊन दाखवलं. हाड जुळलं होतं, पण जुळताना वर गाठ धरली होती, पावट्याच्या शेंगेएवढी. नांगर धरता येई, कोयता चाले, पण बंदुकीचा दस्ता नेमका त्या गाठीवर बसे. पावसाळ्यानंतर राखणीला बसले आणि पहिल्याच बाराला डोळ्यांपुढं अंधारी आली. दुसऱ्या बारानंतर त्यांनी बंदूक घोंगडीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. परवाना त्यांच्या नावावर, दुसऱ्यानं बार काढणं कायद्यात बसत नाही. त्या वर्षी वरकसाची नाचणी निम्म्याहून जास्त गेली. 1979 ला पुन्हा तेच. वडील म्हणाले, "राखण नाय तर पेरायचं कशाला? पुढल्या साली वरची जमीन पडीक टाकतो." आमच्याकडं पडीक टाकलेली जमीन परत लागवडीला येत नाही. करवंद आणि घाणेरी चढते, मग डुकरांना वस्तीच मिळते.

गावात एक म्हातारे पेन्शनर होते, सैन्यात राहून आलेले. त्यांनी वडिलांना सांगितलं की दस्ता खांद्यात गच्च दाबून धर, सैल धरलास तर मारणारच. सल्ला खरा होता, पण तो निरोगी खांद्याला. त्यांच्याकडून मला एक गोष्ट मात्र समजली. त्यांच्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या दस्त्याला पितळेची पट्टी असे, रबर बिबर काही नाही, पण दस्ते सगळ्यांना एका मापाचे देत नसत. बुटक्याला आखूड, उंचाला लांब, प्रत्येक माप अर्ध्या इंचाच्या फरकानं, आणि दस्त्यावर इंग्रजी अक्षराचा छाप असे, आखूडला एस, लांबला एल, सगळ्यात आखूडला बी. म्हणजे साहेबाच्या फौजेला इतकं कळत होतं की बंदूक माणसाच्या हातापेक्षा लांब असेल तर ती खांद्यावर नीट बसत नाही, दंडावर सरकते आणि तिथं जास्त लागते. वडील बुटके. मुंगेरची बंदूक कुणाच्या मापाची केली होती देव जाणे.

वडिलांचे धाकटे भाऊ, आमचे काका, लालबागला राहत. गिरणीत साचेखात्यात होते. गणेशगल्लीच्या मागं एका चाळीत आमच्या गावच्या लोकांची खोली होती. दहा बाय बाराची ती खोली, तीन पाळ्यांतली माणसं आळीपाळीनं झोपत. दहावी झाल्यावर मी बदली कामगार म्हणून चिकटतो का ते बघायला 1980 च्या वैशाखात तिथं गेलो. जाताना वडिलांनी पिशवीत दोन पायली नाचणीचं पीठ, फणसाची साटं आणि एक कागद घातला होता. कागदावर दस्त्याचं बूड ठेवून पेन्सिलीनं रेघ मारलेली, त्याच्या शेजारी मापं. बंदूक स्वतः मुंबईला नेता येत नव्हती. पीक राखणीचा परवाना आपल्या हद्दीपुरता असतो. म्हणून बंदूक घरी राहिली आणि तिच्या बुडाचा कागद एसटीनं मुंबईला गेला.

याबद्दल वडिलांनी आधीच विचारून ठेवलं होतं. जानेवारीत लोकसभेची निवडणूक झाली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, हा तेव्हापासूनचा शिरस्ता. बंदूक परत आणायला गेले तेव्हा तिथल्या कारकुनाला विचारलं, दस्त्याला मागं रबर लावलं तर चालेल का? तो म्हणाला, नळीला, चापाला, नंबराला हात लावू नका, लाकडाचं बूड तुमचं तुम्ही बघा. वडिलांनी हे दोनदा म्हणवून घेतलं.

काकांनी कागद पाहिला आणि हसले. म्हणाले, "ह्याला गादी पायजे. आमच्या साच्याला असते तशी."

साचा म्हणजे माग. साच्यावर धोटा या टोकाकडून त्या टोकाला मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा फेकला जातो. फेकतो तो पिकर, म्हशीच्या कच्च्या कातड्याचा ठोकळा. आणि प्रत्येक वेळी धोटा पलीकडच्या पेटीत येऊन आदळतो, तिथं त्याला अडवायला कातड्याचे, रबराचे बफर असतात. नसते तर पहिल्या दिवशीच धोट्याचं टोक फुटलं असतं. काका अठरा वर्षं ते बघत होते. त्यांनी मला जे समजावलं ते मी आजही तसंच सांगतो. रबर जोर कमी करत नाही. जोर तेवढाच राहतो, फक्त एका क्षणात येण्याऐवजी जरा लांबून येतो आणि एका जागी येण्याऐवजी पसरून येतो. झाडावरचा आंबा कातळावर पडला की फुटतो, पेंढ्यावर पडला की राहतो. पडला दोन्हीकडं तेवढ्याच उंचीवरनं.

रविवारी बंदुकांची दुकानं बंद, म्हणून काकांनी दुसरी पाळी असलेला दिवस धरला. सकाळी लालबागहून ट्रेननं बोरीबंदर, तिथून चालत फोर्टात. एक जुनं दुकान होतं, काचेच्या कपाटात साखळी घातलेल्या बंदुका. गल्ल्यावर एक वयस्क पारशी गृहस्थ. आमच्या पायातल्या चपला बघून त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, हे मला आठवतं. कागद उलटासुलटा करून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "रायफल छे के शॉटगन?"

काकांनी सांगितलं, एकनळी, पीक राखणीची.

मग त्यांनी कपाटातून दोन-तीन पॅड काढले. एक विटकरी लाल रंगाचं, भरीव. एक बाजूनं भोकं असलेलं. एकाला बारीक चामडं चढवलेलं, हात फिरवला तर लोण्यासारखं. विलायतेत हा प्रकार 1874 च्या सुमाराला लंडनच्या सिल्व्हर नावाच्या कंपनीनं पेटंट घेऊन चालू केला, म्हणून अजून त्या लाल पॅडला सिल्व्हर म्हणतात, हे त्यांच्याकडून कळलं. त्याआधी तीस वर्षं अमेरिकेत गुडइयरनं रबरात गंधक घालून ते पक्कं करायची रीत शोधली होती. ती नसती तर रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ, गादी कसली होते.

म्हातारबांना बोलायची हौस होती आणि गिऱ्हाईक नव्हतं. म्हणाले, हे पॅड राजालोकांसाठी येत. वाघाच्या, गव्याच्या मोठ्या रायफली, त्यांची लाथ तुमच्या बंदुकीच्या दुप्पट-तिप्पट. चारशे पन्नास बोअरवर सरकारनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात बंदी घातली, कारण त्या बोअरची काडतुसं बंडखोरांच्या जुन्या लष्करी रायफलींत चालतील अशी धास्ती होती. मग विलायती कारखानदारांनी चारशे सत्तर आणि तसल्या आडमापाच्या रायफली खास इकडच्यासाठी काढल्या. थ्री-नॉट-थ्री ही फौजेची, म्हणून खाजगी माणसाला तीनशे पंधरा. लढाईच्या भीतीनं बोअर ठरत आणि बोअरप्रमाणं पॅड ठरे. कॉर्बेट साहेबाला चंपावतची वाघीण मारल्याबद्दल 1907 साली जी रिग्बीची रायफल बक्षीस मिळाली ती मात्र लहान, दोनशे पंचाहत्तर बोअरची. ते म्हणाले, शहाणा माणूस लहान बोअर घेतो आणि नेम धरतो.

मग हात झटकून म्हणाले, 1971 ला राजांचे तनखे गेले, 1972 ला शिकारीचा कायदा आला. दोन वर्षांत दोन बार. आता हे पॅड कपाटात म्हातारे होतात.

रायफलीचं पॅड आणि आमच्या बंदुकीचं पॅड यांतला फरक त्यांनी चांगला सांगितला. रायफलवाला बसून, टेकून, सावकाश नेम धरतो, त्याचं पॅड खांद्याला चिकटून राहावं, म्हणून खरखरीत चाललं तरी हरकत नाही. छर्ऱ्याची बंदूक झटक्यात उचलून खांद्याला लावायची असते. तिच्या पॅडची वरची कड गोल आणि गुळगुळीत हवी, नाहीतर सदऱ्यात नाहीतर घोंगडीत अडकते, दस्ता अर्धवट बसतो आणि त्याच वेळी चाप ओढला गेला तर हंसळी जाते. "तुमच्या माणसाची तर आधीच गेलेली," असं म्हणून त्यांनी कागदावरच्या वरच्या कोपऱ्याला पेन्सिलीनं गोल दिला. तो कागद पुढं बरीच वर्षं आमच्याकडं होता.

किंमत ऐकून काकांनी पॅड परत काचेवर ठेवलं. पारशीबाबा रागावले नाहीत. उलट लाल पॅड हातात देऊन म्हणाले, अंगठ्यानं दाबून बघा, हे किती दबतं ते लक्षात ठेवा. काका बराच वेळ दाबत उभे होते.

फोर्टातून आम्ही चालत गिरगावात गेलो. खेतवाडीला आत्याकडं जेवायचं होतं. ह्याच खेतवाडीत पक्ष्यांचे सलीम अली लहानाचे मोठे झाले. पोरवयात छऱ्याच्या हवेच्या बंदुकीनं त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ती कसली हे विचारायला मामांनी त्यांना नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबाकडं पाठवलं. त्या सोसायटीचे सुरुवातीचे बरेच सभासद मूळचे शिकारी. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला फक्त आत्याच्या हातची सुकटीची चटणी आठवते. हवेच्या बंदुकीला लाथ नसते म्हणा, तिला गादीची गरज नाही.

जेवून नागदेवी स्ट्रीट. ज्याला गिरण्यांची मुंबई काय होती ते बघायचं असेल त्यानं तेव्हा नागदेवीला जायला हवं होतं. पट्टे, बोल्ट, पिकर, बेअरिंग, वॉशर, फायबर, नळ्या, रबराचे गुंडाळे, सगळं पेढ्यांच्या उंबऱ्यापर्यंत. रबर किलोवर. एक इंच जाडीची पट्टी मागितली तर दुकानदार विचारतो, तेलाचं की साधं? तेलाचं रबर मशीनच्या गॅस्केटसाठी, त्याला तेल लागलं तरी विरघळत नाही, पण ते जरा मुर्दाड, दाबलं तर सावकाश उठतं. साधं, झाडाच्या चिकाचं रबर जिवंत, दाबलं की उसळतं, पण बंदुकीचं तेल लागलं की कालांतरानं चिकट होऊन विरघळणार. काकांनी दोन्ही अंगठ्यानं दाबले, फोर्टातलं पॅड आठवत. वाकवून भेगा बघितल्या, कारण जुना माल वाकवला की बारीक केसासारख्या चिरा दिसतात. शेवटी साधं, मध्यम नरम घेतलं. म्हणाले, "तेलाचं आपण सांभाळू. खांदा काय परत मिळायचा नाय."

मला वाटतं इथं काकांनी जे केलं ते फोर्टातल्या किमती पॅडपेक्षा बरं होतं, कारण ते पॅड निरोगी राजाच्या खांद्यासाठी होतं. नुसत्या भरीव रबरावर ते थांबले नाहीत. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये एक फिटर त्यांच्या ओळखीचा, सातारकडचा. त्यानं जेवणाच्या सुट्टीत काम केलं. आधी बुडाला लावायला एक सूत जाडीची फायबरची पट्टी कापली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. रबर तिच्यावर सोल्यूशननं चिकटवून रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवलं. मग रबराला एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आरपार पाच भोकं पाडली. रबराला गिरमिट लावलं तर ते ओढलं जातं, भोक वाकडं होतं. त्यानं पिकरच्या कातड्याला भोकं पाडायचा पोकळ पंच घेतला, साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक भोक दाबत काढलं. भोकांमुळं रबराला दबायला जागा मिळते. स्क्रूसाठी मागच्या तोंडावर दोन बारीक उभ्या चिरा दिल्या, भोक नाही. स्क्रूला साबण लावून चिरेतून दाबला की आत जातो आणि वरून रबर मिटतं, खांद्याला लोखंड लागत नाही. कडा सहाणेच्या चाकावर घासल्या. रबर जळण्याचा वास खोलीत दोन दिवस माझ्या सदऱ्याला होता.

मुद्दाम एक गोष्ट त्यांनी अर्धवट ठेवली. पॅड कागदावरच्या रेघेपेक्षा चारी बाजूंनी मोठं ठेवलं. दस्ता मागं मागं रुंद होत जातो, तो आखूड करायला पुढं कापला की तोंड लहान होणार. किती लहान ते कापल्यावरच कळणार. तेव्हा शेवटची तासणी गावात.

मला काम मिळालं नाही. गादी घेऊन मी आषाढ लागायच्या आत परत आलो.

मापाचं काम वडिलांनी स्वतः करून घेतलं. आमच्या सुतारानं विचारलं, सदऱ्यावर माप घेऊ का उघड्या अंगावर? वडील म्हणाले, "घोंगडीची खोळ घे मधी. मी काय सदरा घालून माळ्यावर बसतो?" हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही, पण ते अगदी बरोबर. राखण रात्रीची, भाद्रपद-आश्विनात, अंगावर घोंगडी किंवा कांबळं. तीच अंगावर ठेवून बंदूक धरायची आणि माप काढायचं. चापापासून बुडाच्या मध्यापर्यंत मूळची लांबी सव्वाचौदा इंच भरली. वडिलांना घोंगडीसकट पावणेचौदा बरोबर बसत होती. लोखंडी पट्टी एक सुताची, ती जाणार. गादी फायबरसकट एक इंच एक सूत, ती येणार. सुतारानं पाटीवर हिशेब मांडला: लाकूड दीड इंच कापायचं.

कापायच्या आधी त्याला अर्धा दिवस लागला. जुन्या बुडाचा जो तिरका कल असतो तोच ठेवायचा. तो बदलला तर नळीचं तोंड उचललं जातं किंवा खाली पडतं, नेम बिघडतो. त्यानं जुन्या बुडाला समांतर रेघ आखली, रेघेवर चाकूनं लाकडाचे तंतू तोडले, वर चिकटपट्टी गुंडाळली म्हणजे करवतीनं कपची उडू नये, आणि बारीक दात्यांची करवत घेतली. बोलत नव्हता. लाकूड अक्रोडाचं असेल नसेल, पण जुनं आणि वाळलेलं होतं, ते एकदा गेलं की गेलं. दीड इंचाचा तुकडा खाली पडला तेव्हा आईनं तो चुलीजवळ ठेवला, सुतारानं उचलून वडिलांच्या हातात दिला. "जपून ठेवा. पोरगा उंच होतोय."

पुढचं काम सोपं. नव्या तोंडाला किसणी मारून सपाट केलं, गादी लावून उजेडाला धरली, फट दिसते का बघितली. स्क्रूची नवी भोकं पाडली, आत मेण लावलं. गादी बसवून तिचं वाढीव रबर ओल्या पात्यानं उतरवलं आणि शेवटी पालिश कागदानं घासलं, दस्त्याच्या लाकडाला कागद लागू नये म्हणून परत चिकटपट्टी. वरची कड पारशीबाबांच्या पेन्सिलीप्रमाणं गोल केली. चिकटपणा जावा म्हणून शंखजिऱ्याची पूड चोळली.

त्या वर्षी आश्विनातली पहिली रात्र मला आठवते. आम्ही खालच्या बांधावर होतो, वडील वर माळ्यावर. पहाटेच्या आधी बार झाला. आई उठून उभी राहिली. आम्ही दुसऱ्या बाराची वाट बघत राहिलो, कारण एका बारानं कळप हलत नाही, आणि दुसरा बार काढता आला तरच खांदा शाबूत. थोड्या वेळानं दुसरा झाला. मग तिसरा. उजाडल्यावर वडील खाली आले, सदरा काढून आईला खांदा दाखवला. लाल होता, पण पसरट लाल, भाकरीएवढा, पट्टीच्या आकाराचा नव्हता. गाठीवर काही उठलं नव्हतं. नाचणी त्या वर्षी घरात आली. वरची जमीन पडीक टाकायची गोष्ट परत निघाली नाही.

दोन वर्षांनी, 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. डॉक्टर सामंतांचा शब्द होता, लोकांना वाटलं महिन्या-दोन महिन्यांचं काम. लालबागच्या खोलीवर आधी उधारी गेली, मग भांडी गेली. आमच्या गावच्या खोलीला पहिली दोन वर्षं तांदूळ आणि नाचणी गावातून जात होती, घराघरांतून पायली-पायली. आमच्या घरातून दोन गोणी गेल्या, त्यातली एक वरकसाची. काका त्या पावसाळ्यात गावी आले ते राहिलेच. राखणीला वडिलांबरोबर बसत. बंदूक वडिलांच्या हाती, काका पत्र्याचा डबा वाजवायला. साचे गेले, धोटा गेला, पण बार झाला की काका हमखास वडिलांच्या खांद्याकडं बघायचे आणि विचारायचे, "गादी काय म्हणते?"

गादीचं तेल वडिलांनी खरंच सांभाळलं. बंदूक पुसल्यावर ती दस्ता खाली करून उभी ठेवली तर नळीतलं तेल उतरत उतरत लाकडात मुरतं आणि शेवटी रबरात येतं. म्हणून आमच्या घरी ती नळीचं तोंड खाली करून, खाली कापडाची घडी ठेवून उभी असे. पाहुणे हसत. तरी अठरा वर्षांनी रबर चिकट झालंच, अंगठा लावला तर ठसा उमटू लागला. तोवर वडील राखणीला बसायचे थांबले होते. परवाना माझ्या नावावर झाला तेव्हा पहिलं काम नवीन गादीचं निघालं.

काकांना घेऊन मी पुन्हा नागदेवीला गेलो. दुकानं होती, पण पिकर आणि बफर मागच्या रांगेत गेले होते, पुढं प्लास्टिकच्या नळ्या. त्या फिटरची गिरणी बंद होती. या वेळी काका म्हणाले तेलाचं घे, तुझा खांदा धड आहे. भोकं लालबागच्या एका लेथवाल्याकडून पाडून घेतली, त्याला पंचाची युक्ती काकांनीच सांगितली.

माप घेताना बंदूक मला आखूड पडली. वडिलांपेक्षा मी चांगला चार बोटं उंच. सुताराच्या मुलानं नवीन लाकूड आणू का विचारलं. आईनं माळ्यावरनं जुना डबा काढला, त्यात बियाण्याच्या पुड्यांबरोबर तो दीड इंचाचा तुकडा होता. कापल्या बाजूनं त्याची अर्ध्या इंचाची चकती कापून दस्ता आणि गादीच्या मध्ये घातली. लांबी परत सव्वाचौदा झाली. एकाच लाकडाचा असल्यामुळं रेषाही जुळल्या, सांधा शोधावा लागतो. उरलेला इंच परत डब्यात ठेवला आहे.